इलेक्टिव्हला मुलीला कुठे पाठवावं? डॉक्टर मंडळी, खरं काय शिकलात ते सांगा

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

मुलगी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएस करतेय. थर्ड इयर पार्ट वनची परीक्षा नुकतीच संपली आणि आता इलेक्टिव्हचा (आपल्या पसंतीचा विभाग निवडून तिथे शिकायचं) फॉर्म भरायचाय. आमच्या घरात डॉक्टर कुणी नाही. माझा जन्म गेला यंत्रमाग आणि सुताच्या भावात, त्यामुळे ती सांगते तेवढंच मला कळतं. ते असं: २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला तेव्हापासून हे सुरू झालं. आधी दोन महिने होते, आता एकच. पंधरा दिवस लॅबमध्ये किंवा संशोधन करणाऱ्या कुणाच्या हाताखाली आणि पंधरा दिवस एखाद्या क्लिनिकल विभागात, नाहीतर खेड्यातल्या किंवा शहरी वस्तीतल्या दवाखान्यात. लॉगबुक भरायचं, ७५ टक्के हजेरी लावायची, नाहीतर फायनलला बसू देत नाहीत.

घोळ असा की तिच्या वर्गातली बरीच पोरं कॉलेजातच स्किन नाहीतर रेडिओलॉजी घेणार आहेत. दुपारी लवकर सुटका, मग लायब्ररी आणि नीट-पीजीचे (पुढच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेचे) व्हिडिओ. हिला जायचंय मेळघाट-गडचिरोलीकडे. हिची आई म्हणते, पंधरा दिवसांत काय दिवे लावणार, अभ्यास बुडेल तो वेगळाच. मी मध्ये लोंबकळतोय.

इथे डॉक्टर मंडळी बरीच आहेत. उपदेश नको. शिकायला काय मिळालं त्याची एखादी गोष्ट सांगा. पेशंट म्हणून ज्यांचा या शिकाऊ मुलांशी संबंध आला त्यांनीही लिहा.

पेठेतला

आईचं ऐका. खेड्यात जाऊन साप चावलेला माणूस बघितला म्हणून पीजीला एक मार्क जास्त मिळत नाही. उपदेश नको म्हणालात, म्हणून इथेच थांबतो.

कोकणी_वैद्य

पेठेतला, सापावर प्रश्न येतात हो पीजीला. पण ते असो.

मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्याकडे कधीमधी इलेक्टिव्हची पोरं येतात. गेल्या पावसाळ्यात एक होता, वाचनात पक्का, काहीही विचारा, तोंडपाठ. पहाटे एक बाई आली. पोटात दुखतंय, एक उलटी झालेली. पोरानं पोट तपासलं, मऊ होतं. जठराचा दाह लिहिला, सकाळी सोनोग्राफीला पाठवू म्हणाला. चूक काही नव्हतं त्यात, पुस्तकात तसंच आहे. आमच्या सिस्टर सलाइन लावायला आल्या, बाईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रात्री भुईवर निजलेलीस काय गो?" बाई हो म्हणाली. "वर बघ बघू." पापण्या उचलेनात.

मण्यार. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण बहुतेकदा सापडत नाही. माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो आणि मग डोळे, गिळणं, श्वास या क्रमानं एकेक गोष्ट बंद पडत जाते. आम्ही प्रतिविषाच्या १० बाटल्या चालू केल्या, शेजारी अॅड्रिनॅलिन भरून ठेवलं (रिअॅक्शन येते, आणि आली की शोधायला वेळ नसतो). पण मण्यारीत खरी गोम पुढेच आहे. विष मज्जातंतूच्या टोकाला एकदा बसलं की प्रतिविषानं ते लगेच सुटत नाही. माणूस वाचतो तो श्वास चालू ठेवल्यानं. आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. १०८ बोलावली आणि जिल्हा रुग्णालय येईपर्यंत घाटातल्या वळणांवर त्या पोरानं आणि गाडीतल्या डॉक्टरांनी आळीपाळीनं अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायचा फुगा) दाबली. बाई आठवड्याभरानं घरी गेली.

आता यातून पोरगा काय शिकला? मण्यारीचं विष कसं चालतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते असं की पेशंट "मला मण्यार चावली" म्हणून येत नाही, "पोटात दुखतंय" म्हणून येतो. मेडिकल कॉलेजात पेशंट पोचतो तेव्हा त्याच्या कागदावर कुणीतरी आधीच 'सर्पदंश' लिहिलेलं असतं. ते पहिलं लिहिणारा माणूस काय बघून लिहितो, ते मोठ्या हॉस्पिटलात बसून दिसत नाही. इलेक्टिव्हला बाहेर पाठवायचं ते यासाठी.

दुसरं, वीस मिनिटांची चाचणी. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला लॅब लागत नाही. कोरडी, स्वच्छ काचेची नळी घ्यायची, त्यात २ मिली रक्त, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग हळूच आडवी करायची. रक्त वाहिलं तर प्रतिविष द्या. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये रक्त तसंही नीट गोठत नाही आणि निकाल फसवा येतो. ती वीस मिनिटं नळी न हलवता बसणं तरुण पोरांना भारी जड जातं. दर दोन मिनिटांनी उचलून बघतात.

अवांतर: विंचूदंशावर प्राझोसिन वापरायचं काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अशाच लहान जागी बसून केलं. १९८० च्या दशकात ते थेट 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खेड्यात नुसतं राबायचंच असतं, संशोधन नसतं, असं कुणी म्हणालं की मी हे नाव पुढे करतो.

चहाटळ

वाचतोय. आज रात्री खाली झोपणार नाही.

मायक्रोमावशी

सगळे क्लिनिकलवरच तुटून पडलेत, म्हणून पहिल्या पंधरवड्याबद्दल लिहिते. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते. आमच्याकडे येणारी मुलं बहुतेक 'आरामाचा ब्लॉक' म्हणून येतात. मी त्यांना पहिले तीन दिवस मायक्रोस्कोपला हातच लावू देत नाही. खिडकीवर बसवते, जिथे वॉर्डातून नमुने येतात तिथे.

तिथे बसलं की काय काय दिसतं! टीबीसाठी पाठवलेल्या डबीत बेडका नसतोच, नुसती थुंकी. लघवीचा नमुना सकाळी घेतलेला, आमच्याकडे येतो दुपारी अडीचला, तोवर वॉर्डाच्या टेबलावर उन्हात. कल्चर करावं तर चार जातींचे जंतू, सगळे वाटेत वाढलेले. फॉर्मवर 'क्लिनिकल डायग्नोसिस'च्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह. रक्ताचं कल्चर अँटिबायोटिक सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी काढलेलं. मग वॉर्डातले डॉक्टर म्हणतात, लॅबचे रिपोर्ट भरवशाचे नाहीत.

चौथ्या दिवशी मी मुलांना वॉर्डात पाठवते, एकाच पेशंटकडून बेडका नीट घेऊन या म्हणून. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल श्वास दोन-तीनदा घेऊन, छातीतून खोकून काढलेला. नर्सला वेळ नसतो, पेशंटला कुणी सांगितलेलं नसतं, डबी हातात देऊन "यात थुंका" एवढंच म्हटलेलं असतं. थुंका म्हटल्यावर तो थुंकतो. त्याचं काय चुकलं?

मागच्या वर्षी एका मुलीनं वॉर्डाच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत चार ओळींची सूचना हातानं लिहून चिकटवली. तिला म्हटलं, हाच तुझा प्रोजेक्ट, बाकी टेबलं-आलेख राहू देत. अँटिबायोटिकची ताटली वाचायला (जंतूंच्या गालिच्यात गोळीभोवती किती मोकळं कडं पडलं ते पट्टीनं मोजायचं) एक दिवस पुरतो. ती ताटली खरी की खोटी हे कळायला मात्र खिडकीवर बसावं लागतं.

तेव्हा शेंगाचटणी, दुसरा ब्लॉक कुठेही घेऊ द्या, पहिला वाया घालवू नका म्हणावं.

आगाऊ_इंटर्न

कुणीतरी खरं बोलायला हवं म्हणून बोलतो. बहुतेक कॉलेजात लॉगबुक शेवटच्या दोन दिवसांत एकाचं बघून सगळे भरतात आणि सही मिळते. 'रिफ्लेक्शन' म्हणून एक रकाना असतो, त्यात सगळ्यांच्या सगळ्या 'मी रुग्णांशी सहानुभूतीने वागायला शिकलो'. आमच्या बॅचला हे वाक्य इतकं पाठ झालंय की भांडणातसुद्धा वापरतो.

पण दुसरा ब्लॉक मी धारावीत घेतला, 'छोटं सायन' म्हणतात त्या अर्बन हेल्थ सेंटरला. कारण उदात्त वगैरे नव्हतं, हॉस्टेलवरून चालत जाता येतं. मला काम दिलं टीबीच्या पेशंटना फोन करायचं, गोळ्या न्यायला न आलेल्यांना. कागदावर त्यांना 'डिफॉल्टर' म्हणायची जुनी सवय अजून गेलेली नाही. फोनवर कारणं ऐका: एकाची लघवी लाल-केशरी झाली, त्याला वाटलं रक्त जातंय, त्यानं गोळ्याच बंद केल्या. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिननं लघवीचा रंग बदलतो हे आम्ही फार्माकॉलॉजीत सेकंड इयरला घोकलेलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एक बाई शिलाईकाम करणारी, पीसवर पैसे, दवाखाना उघडा असतो त्याच वेळात तिचं काम. एकजण गावी, बिहारला. त्याची निक्षयवरची (टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवरची) नोंद तिकडच्या जिल्ह्याला हलवता येते आणि गोळ्या तिथे मिळतात, हे त्याला तर नाहीच, मलाही ठाऊक नव्हतं. पोषणासाठी सरकार महिन्याला पैसे देतं, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. पण बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर बसा वाट बघत. मी निम्मा वेळ बँकेच्या पासबुकांचे फोटो मागवत होतो.

हे मेडिसिन आहे का? मला तेव्हा वाटलं, नाही, ही कारकुनी आहे. आता इंटर्नशिपमध्ये टीबीचा पेशंट दिसला की गोळ्या लिहून झाल्यावर तोंडातून आपोआप निघतं, "लघवी लाल होईल, घाबरायचं नाही." तेवढं एक वाक्य कमावलं. आणि नीट-पीजीचा अभ्यास बुडाला नाही, पेठेतला काका. संध्याकाळ मोकळीच असते.

पेठेतला

काका? वय पस्तीस आहे माझं.

गोदाकाठ

पेशंटच्या बाजूनं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. आईला एका मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, नाव नको. लिव्हर वाढलेलं. राउंड झाला की विद्यार्थ्यांचा घोळका येई. एकानं पोट दाबलं, मग दुसऱ्यानं, मग तिसरीनं, "लागतंय का रे?" "हो, दोन बोटं." "मला तीन वाटतायत." आई छताकडे बघत पडून असायची. तिला विचारलं कुणीच नाही. पडदा ओढण्याचंही भान नाही. शेवटी मी भांडले तर म्हणाले, टीचिंग हॉस्पिटल आहे, शिकणार कुठे?

त्यातच एक मुलगी होती, दुपारी एकटी आली. खुर्ची ओढून बसली, नाव सांगितलं, "मी विद्यार्थिनी आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल" असं म्हणाली. हात आधी चोळून गरम केले. आई तिला सगळं सांगत बसली, डॉक्टरांना न सांगितलेलंही. गावठी काढा घेत होती महिनाभर, ते त्या मुलीमुळे कळलं. सरांना जाऊन तिनंच सांगितलं.

तुमच्या मुलीला कुठेही पाठवा हो, गडचिरोली काय नि स्किन काय. गरिबाचं अंग हे सरावाचं साधन आहे असं समजून जाणार असेल तर घरीच राहिलेली बरी.

कोकणी_वैद्य

गोदाकाठ, शंभर टक्के. आणि याचंच दुसरं टोक खेड्यात असतं, तेही लिहून टाकतो. खेड्यात माणसं कमी, त्यामुळे विद्यार्थ्याला 'करायला मिळतं'. पोरं तेच डोक्यात घेऊन येतात: सर, टाके घालू का, सर, डिलिव्हरी मी करू का. काही डॉक्टर कौतुकानं करूही देतात. जे काम त्याला कॉलेजात देखरेखीशिवाय करू दिलं नसतं, ते इथे पेशंट काही बोलत नाही म्हणून करणं, याला शिकणं म्हणत नाहीत. माझ्याकडे नियम आहे: आधी बघायचं, मग माझ्यासमोर करायचं, आणि पेशंटला स्पष्ट सांगायचं की हा शिकतोय. कुणी नको म्हणालं तर तोंड पाडायचं नाही.

थेम्सकाठी

इकडचं थोडं. मी इंग्लंडमध्ये जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे, मूळची साताऱ्याची. इथे इलेक्टिव्ह जुनीच प्रथा, शेवटच्या वर्षांत काही आठवडे मिळतात आणि मुलं जगभर जातात, आपल्याकडेही येतात. जाण्यापूर्वी त्यांना बजावून सांगतात की जे काम इथे करायची परवानगी नाही ते तिथेही करायचं नाही. कोकणी_वैद्य म्हणतात तेच. पाळतात किती, हा भाग वेगळा.

माझ्या प्रॅक्टिसमध्ये भारतातून कुणी मुलं निरीक्षणाला आली की पहिला धक्का बसतो तो इथे किती कमी तपासण्या होतात याचा. त्यांना वाटतं, एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) म्हणजे मशीनच मशीन. ती हॉस्पिटलात. माझ्याकडे दहा मिनिटं, एक खुर्ची आणि कानात बघायची बॅटरी. तापानं फणफणलेलं मूल येतं, बहुतेकांना साधा व्हायरल असतो, हजारात एखाद्याला मेनिंजायटिस. सगळ्यांना हॉस्पिटलात पाठवता येत नाही आणि त्या एकाला घरी पाठवून चालत नाही. मग आम्ही करतो काय? आईला सांगतो कशावर नजर ठेवायची आणि कधी ताबडतोब यायचं. अंगावर पुरळ आलं तर काचेचा पेला दाबून बघ, काचेतून पुरळ दिसेनासं झालं तर एक वेळ ठीक, तसंच दिसत राहिलं तर फोन उचल, थांबू नकोस. पुरळ नसलं तरी मूल मलूल वाटलं तर ये. आणि हे सांगितलं अशी नोंद करतो.

एका नागपूरच्या मुलानं मला विचारलं, "मॅडम, म्हणजे तुम्हाला डायग्नोसिस माहीत नसताना घरी पाठवता?" हो, रोज. माहीत नाही हे पेशंटला न घाबरवता सांगणं, हे एक कसब आहे. मी मुंबईत शिकले तेव्हा ते कुणी शिकवलं नव्हतं. तिथे माहीत नसलं की अजून एक तपासणी लिहायची. गंमत म्हणजे कोकणी_वैद्यांच्या दवाखान्यात आणि माझ्या दवाखान्यात यंत्रांच्या बाबतीत फारसा फरक नाही. फरक इतकाच की मी फोन केल्यावर पुढचं हॉस्पिटल किती लांब.

पेठेतला

थेम्सकाठी, अमेरिकेचं कुणी सांगेल का? भाचा विचारतोय. तिकडे रेसिडेन्सीला (तिथलं पीजी) इलेक्टिव्हचा उपयोग होतो म्हणे.

थेम्सकाठी

होतो. पण तिथे हाताने काम करू देणारी इलेक्टिव्ह विद्यार्थी असेपर्यंतच मिळते. पदवी हातात पडली की मग बहुतेक ठिकाणी नुसतं लांबून बघायचं, ऑब्झर्वरशिप. तेव्हा भाच्याला लवकर हालचाल करायला सांगा. आणि तिथली इलेक्टिव्ह साधारण चार आठवड्यांची, आपल्या पंधरवड्यात बसत नाही, त्यामुळे कॉलेजकडून रजेचं आधी विचारून ठेवा.

निळीछत्री

मी वेगळीकडे गेले होते, म्हणून लिहिते. कोझिकोडला, पॅलिएटिव्ह केअर (बरं न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा) बघायला. मराठी पोरींची वारी केरळात कशी, तर वडिलांच्या आजारपणात दुखणं कमी करायला कुणी काही करत नाही हे बघितलेलं होतं, आणि हे काम तिथे १९९३ पासून चालू आहे असं वाचलं होतं. डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं. पुढे २००८ मध्ये केरळ सरकारनं त्यासाठी धोरणच आणलं.

तिथे डॉक्टरच्या मागे नाही, नर्सच्या मागे जीपमध्ये बसवतात. घरोघर. मला मल्याळम शून्य. एका आजोबांच्या गालावर कॅन्सरची उघडी जखम, घराच्या फाटकातच वास. घरचे बाहेरच्या खोलीत झोपत, आजोबा एकटे मागे. नर्सनं जखम धुतली, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या खलात कुटून त्याची पूड जखमेवर पसरली, वर पट्टी. पुढच्या खेपेला वास जवळपास गेलेला आणि आजोबांचा पलंग पुढच्या खोलीत आलेला. तीच गोळी आपण जुलाबाला देतो, एक-दोन रुपयांची. कुठल्याही स्किनच्या किंवा ऑन्कोलॉजीच्या लेक्चरला मी हे ऐकलं नव्हतं.

मॉर्फिनच्या गोळ्यांचंही तसंच. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यामुळे इतकी भीती बसलीय की २०१४ मध्ये कायदा सुधारून नियम सोपे झाले तरी बऱ्याच ठिकाणी गोळी ठेवतच नाहीत. तिथे नर्स विचारते, रात्री झोप लागली का, किती वेळा जाग आली. त्यावर पुढचा डोस आणि बरोबर बद्धकोष्ठाचं औषध न विसरता. डोस बरोबर बसला की माणूस गुंगीत जात नाही, उठून पेपर वाचतो. मी पाहिलंय.

'बरं होणार नाही' हे कळल्यावर डॉक्टरचं काम संपतं असं मला चार वर्षं शिकवलं गेलं होतं. कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण राउंड त्या पलंगापाशी थांबायचाच नाही.

मेळघाटवारी

मूळ प्रश्नाकडे येऊ. मुलीला मेळघाटात यायचं असेल तर जरूर यावं, पण दोन-तीन गोष्टी डोक्यातून काढून.

एक, इथे येऊन कुपोषण 'बघायचं' नसतं. फोटो काढणारे पुष्कळ येतात. दोन, भाषा. इथे कोरकू बोलतात, हिंदी बऱ्याच जणांना येते, मराठी कमी. आशाताई नसेल तर डॉक्टर मुका. तीन, भुमका (गावातला पारंपरिक वैदू) म्हटलं की नाक मुरडणं सोडायचं. बाळाच्या पोटावर चटके दिलेले दिसतात तेव्हा संताप येतो, यायलाच हवा. पण दवाखाना डोंगरापलीकडे आणि भुमका शेजारी, शिवाय तो रात्री दोनलाही उठतो, हे विसरून चालत नाही. त्याच्याशी बोलणं ठेवलं तर तोच बाळाला पाठवतो.

आता एक गोष्ट. दंडाच्या घेराची पट्टी असते, ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल. एका मुलाचा दंड लालमध्ये. इलेक्टिव्हला आलेल्या मुलीनं आईला समजावलं, धारणीला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती कर, साधारण चौदा दिवस, फुकट आहे. आई नाही म्हणाली. मुलगी चिडली, मला म्हणाली, सर, आईलाच काळजी नाही. मी म्हटलं, घरी जाऊन ये. गेली. घरात आणखी दोन मुलं, शेळ्या, नवरा कामाला बाहेर, आणि ही केंद्रात बसली तर मजुरी बुडणार. आता बुडीत मजुरी मिळते, तशी सोय सरकारनं केलेली आहे, पण पैसा हातात कधी येईल ते सांगता येत नाही आणि शेळ्यांना ते कळत नाही. शेवटी आशाताईनं आजीला पलीकडच्या गावातून आणलं, मग आई निघाली. सल्ला तोच होता, 'भरती कर'. तो अमलात यायला आजी लागली.

त्या मुलीच्या लॉगबुकात रिफ्लेक्शनच्या रकान्यात काय लिहिलं होतं ते मी मुद्दाम वाचलं: 'भरतीचा सल्ला देण्याआधी विचारा: घरी कोण आहे?' आगाऊ_इंटर्न, तुमच्या सहानुभूतीच्या वाक्यापेक्षा हे बरं.

गडचिरोलीचं म्हणाल तर शोधग्रामला 'सर्च'कडे किंवा हेमलकशाला जायचं असेल तर आधी पत्रव्यवहार करा, थेट जाऊन उभं राहू नका. त्यांची कामं चालू असतात. आणि जाण्यापूर्वी त्यांचं काम वाचून जा म्हणावं. बंग दांपत्यानं १९८६ मध्ये 'सर्च' काढली. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरी घेता येते, हे त्यांनी दाखवलं, १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलंय: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, तापमान बघतात, त्याचं मूळ तिथे आहे. एमबीबीएसच्या मुलांना हे पीएसएमच्या (सामाजिक आरोग्याच्या विषयाच्या) पुस्तकातलं एक वाक्य वाटतं. आशाताईबरोबर एक दिवस चालल्यावर वाटत नाही.

पेठेतला

चांगलं लिहिलंय, मान्य. पण एक शंका उरतेच. हे सगळं पंधरा दिवसांत? तुम्ही सगळ्यांनी निवडक गोष्टी सांगितल्यात. बाकीचे दिवस पोरगी काय करते, गोळ्या मोजते?

कोकणी_वैद्य

हो, गोळ्या मोजते. इंजेक्शनच्या रजिस्टरात नावं लिहिते. रक्तदाब घेते, दिवसभर. पावसाळी दुपारी पेशंटच नसतात, तेव्हा सिस्टरांबरोबर चहा. त्या चहाच्या वेळी जे कानावर पडतं ते कुठल्या विषयात मोडतं मला सांगता येणार नाही, पण मला ते फार उपयोगी पडलंय. पंधरा दिवस कमीच आहेत, दोन महिन्यांचा एक महिना केला ते चुकलं असं माझं मत. मिळतंय तेवढं तरी लायब्ररीबाहेर घालवा.

शेंगाचटणी

मंडळी, काय बोलू. हा धागा घरी मोठ्यानं वाचून दाखवला. मुलीची आई मण्यारीपर्यंत ठाम होती, शेळ्यांपाशी जरा ढिली झाली. ठरलंय असं: पहिला ब्लॉक मायक्रोबायॉलॉजी, कॉलेजातच. दुसरा मेळघाट, मेळघाटवारींना व्यनि (खासगी निरोप) केलाय. मुलगी म्हणते, दुसऱ्या ब्लॉकसाठी कॉलेजाकडून परवानगीचं पत्र आणि तिकडून कुणीतरी देखरेख करणारा डॉक्टर हवा, त्याचीच सही लॉगबुकात चालते.

आता तिची आई विचारतेय, बरोबर काय काय द्यायचं? मच्छरदाणी लिहिलीच आहे. चादर आम्ही देणारच, सोलापूरचे आहोत. लसी वगैरे?

चहाटळ

शेंगाचटणीची बरणी. माझ्यासाठी दुसरी.

मायक्रोमावशी

हा प्रश्न कुणी विचारतच नाही, बरं झालं विचारलात. हिपॅटायटिस बीचे तीनही डोस झालेत का ते तिच्या कार्डावर बघा, तोंडी 'झालेत' म्हणाली तर विश्वास ठेवू नका. शक्य असेल तर अँटिबॉडी तपासून घ्या, १० च्या वर हवी. धनुर्वाताचा बूस्टर. बंद पायाचे बूट, सँडल नकोत, आणि रात्री बाहेर पडताना टॉर्च (कोकणी_वैद्यांचा लेख वाचलाच आहे).

आणि सुई टोचली तर काय करायचं हे तिला निघण्याआधी पाठ हवं. जखम पिळायची नाही, वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायची, लाजून लपवायचं नाही, लगेच सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तेव्हा पोचल्या पोचल्या पहिल्याच दिवशी तिनं विचारायचं: ते औषध इथे ठेवलेलं आहे का, नसेल तर जवळात जवळ कुठे मिळतं आणि तिथे जायला गाडी कुणाची. मेळघाटवारी, याचं उत्तर तुम्ही इथेच देऊन ठेवा, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

मेळघाटवारी

आमच्याकडे पहिला डोस कपाटात असतो, किल्ली सिस्टरांकडे, रात्रीसुद्धा. पुढचा कोर्स धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयातून. गाडी आहे. व्यनिचं उत्तर रात्री देतो, इथे रेंज गेली की आठनंतरच येते.